कोठ्याच्या फळीवरच्या तारखा

मे महिना सरत आला की आमच्या गावात एक दिवस पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं येतात. बर्फाची पेटी, सुया, नोंदवही. चावडीपुढच्या कडुनिंबाखाली सकाळी सातपासूनच बैल, गाई, म्हशी, गोऱ्हे उभे असतात. पहिला पाऊस पडायच्या आधी जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्यायची, हे आमच्याकडे उकिरड्यातलं शेणखत वावरात नेण्याइतकं ठरलेलं काम. त्याची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. बैलाच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर, आणि सुई टोचली की नंबरासमोर नोंद होते.

सरकारी नोंद असली तरी बाबांची स्वतःची वेगळी नोंद आहे. कोठ्याच्या दाराला आतून एक सागाची फळी ठोकलेली आहे. तिच्यावर ते गेरूनं लिहितात. बैलाचं नाव, लसीचं नाव, तारीख. अक्षर चौथीपर्यंतच्या शाळेचं, पण ठसठशीत. २०२२ साली लम्पी आला आणि शेळ्यांच्या देवीवरची लस गाई-बैलांना टोचायला सुरुवात झाली, तीही तारीख तिथं आहे. त्या वेळी शेजारच्या गावात बैलांच्या अंगावर गाठी आल्याचं कळलं आणि बाबांनी दोन रात्री कोठ्यात खाट टाकली होती.

मी वर्धा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीत माहेरी आले होते. लसीकरण करून बैल परत आणले, बाबांनी वाटीत गेरू कालवला, काडीला चिंधी गुंडाळली आणि लिहायला बसले. मी मागं उभी राहून ती फळी वरून खालपर्यंत वाचली. सहा वर्षांचा हिशेब होता. एकही साल सुटलेलं नव्हतं. ते वाचता वाचता माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, तुम्ही शेवटची सुई कधी घेतली?”

“करोनाची घेतली ना, दोन खेपा.”

“त्याच्या आधी?”

ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, “पायात तुरीचं धसकट घुसलं होतं तवा घेतली. तू तवा कॉलेजात होती.”

मी कॉलेजात होते त्याला पंचवीस वर्षं झाली. बाबा बहात्तरचे आहेत.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. माझ्या दोन्ही मुलांची लसीकरणाची कार्डं मी प्लास्टिकच्या पिशवीत, जन्मदाखल्यासोबत जपून ठेवली आहेत. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नववा महिना, सगळं वेळेवर. एक डोस चार दिवस लांबला तर मला झोप लागायची नाही. आणि माझे स्वतःचे आई-बाप, माझा नवरा, मी, आम्हा कुणाचंही असं कार्ड नाही. लस ही लेकराबाळांची गोष्ट, दुधाचे दात पडले की तो विषय संपला, असं आम्ही सगळ्यांनी कधी धरून घेतलं ते मला सांगता येणार नाही. तसं कुणी म्हटलेलं नाही, पण घराघरात तसंच चालतं.

खरं तर मला हा प्रश्न दोन वर्षं आधीच पडायला हवा होता.

२०२३ च्या पोळ्याच्या आठवड्यात बाबांच्या डाव्या बाजूला, पाठीपासून छातीकडे आग व्हायला लागली. आधी तीन दिवस नुसती आग. वर काहीच दिसत नव्हतं. आई म्हणाली वात असेल, शेजाऱ्यानं छातीचं दुखणं तर नाही ना म्हणून घाबरवलं. चौथ्या दिवशी पुरळ उठलं, पाण्यानं भरलेले फोड, पट्ट्यासारखे ओळीत. आईनं पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला: नागीण.

नागीण म्हटलं की आमच्याकडे काय करायचं ते ठरलेलं असतं. गावात एक म्हातारे गृहस्थ नागीण काढतात. त्यांनी गेरू उगाळून फोडांच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा ओढल्या. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, तिनं माणसाला पुरता वेढा घातला, की माणूस वाचत नाही, म्हणून वाट अडवायची. ते गृहस्थ पैसे घेत नाहीत, मनापासून करतात, आणि बाबांच्या उशाशी ते तासभर बसून राहिले हे मी विसरणार नाही. पण त्यात गेलेल्या दिवसांनी आमचं नुकसान केलं.

मी शाळेला रजा टाकून पोचले तेव्हा पुरळ उठून सहावा दिवस होता. तालुक्याच्या डॉक्टर मॅडमनी पाहिलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, फोड कधी उठले? यावरच्या विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सगळ्यात जास्त. ती वेळ निघून गेली होती. तरी त्यांनी गोळ्या दिल्या, आणि कागदावर माणसाची आकृती काढून मला समजावलं.

ते समजावणं माझ्या मनात पक्कं बसलं आहे. लहानपणी कांजिण्या येतात, आपण म्हणतो अंगावर माता आली. कडुनिंबाचा पाला अंथरतो, घरात फोडणी देत नाही, आठ-पंधरा दिवसांनी माता गेली म्हणून आंघोळ घालतो. पण तो विषाणू जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, त्यांत तो पडून राहतो. पन्नास वर्षं, साठ वर्षं. वय वाढलं, साखरेचा आजार आला, शरीराची प्रतिकारशक्ती उतरली, की त्या गाठींतल्या एखादीतून तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. मज्जातंतूंची जोडी असते, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. म्हणून पट्टा एकाच बाजूला उठतो आणि छातीच्या मधोमध येऊन थांबतो. म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळत नाही ते शरीराची रचनाच तशी आहे म्हणून. गेरूची रेघ नसती तरी ती तिथंच थांबली असती.

त्या वर्षी बाबांनी बैल तोरणात नेले नाहीत. माझ्या आठवणीतला तो पहिला पोळा. भावानं शिंगं रंगवली, झुली घातल्या, आणि बाबा ओसरीवर उघड्या अंगानं बसून होते, कारण सुती सदऱ्याचा स्पर्शसुद्धा त्यांना निखाऱ्यासारखा वाटत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं पळसाचे मेढे उचलून शिवेवर फेकायला निघाली. “खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!” ती हाक आमच्या दारावरून गेली. लहानपणी मीही त्या घोळक्यात ओरडत धावलेली आहे. बाबा जागेच होते. रात्रभर जागे होते.

फोड महिन्याभरात वाळले. वेदना आठ महिने राहिली. काहींच्या बाबतीत मज्जातंतूलाच इजा होते आणि कातडी बरी झाल्यावरही ठणका उरतो. वय जितकं जास्त, तितका हा धोका जास्त. आठ महिने माझे बाबा रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या मारत होते. त्या वर्षीची तूर त्यांनी बांधावरून पाहिली.

नागिणीवर लस आहे हे मला त्यानंतर कळलं. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी, आणि प्रतिकारशक्ती उतरलेल्या त्याहून तरुण माणसांसाठीही. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिन्यांचं अंतर. त्यात जिवंत विषाणू नसतो. चाचण्यांमध्ये तिनं नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलेलं आहे. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कसकस येते, ताप येतो. एकदा नागीण होऊन गेलेल्यालाही ती बरं झाल्यावर घेता येते, कारण नागीण पुन्हा होऊ शकते. भारतात ती २०२३ मध्येच आली, म्हणजे बाबांना नागीण झाली त्याच वर्षी. पण सरकारी दवाखान्यात ती मिळत नाही, आणि दोन डोसांचा खर्च वीस हजारांच्या घरात जातो.

मी बाबांना आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात गणित केलं. “म्हणजे तीन क्विंटल कापूस.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पावसाच्या लहरीवर पिकणारा, वेचणीच्या मजुरीसकट हाती येणारा तीन क्विंटल कापूस. जे शहरात राहून महिन्याचा पगार घेतात त्यांना ‘आरोग्यापुढं पैसा काय’ असं म्हणता येतं. आमच्या गावात ते म्हणता येत नाही. मी आणि भावानं मिळून पैसे जमवले, आणि ठरवलं की आधी आईला द्यायची. ती सहासष्टची आहे, साखर आहे, आणि तिला नागीण अजून झालेली नाही. लहानपणी माता आल्याचं मात्र तिला आठवतं. बहिणीच्या अंगावर एकाच वेळी आली होती, दोघींना एकाच खाटेवर निजवलं होतं.

परवडत नाही अशा एका लसीविषयी मी इतकं लिहिलं. पण त्या उन्हाळ्यात मला जास्त अस्वस्थ केलं ते फुकट मिळणाऱ्या लसीनं.

धनुर्वाताची गोष्ट मी आजीकडून ऐकलेली आहे. आमच्याकडे एक सालदार होता, आजोबांच्या वेळचा. पऱ्हाटी उपटताना पायात बाभळीचा काटा खोल गेला. काटा काढला, वर शेण बांधलं, दुसऱ्या दिवशी कामावर. आठ दिवसांनी जेवायला बसला तर तोंड उघडेना. मग मान ताठली, मग पाठ. कुणी दार लोटलं, भांडं पडलं, कंदील जवळ आणला, की सगळं अंग धनुष्यासारखं वाकायचं. आजी म्हणायची, शुद्धीवर होता गं, सगळं कळत होतं त्याला. आजी हे सांगताना नेहमी आवाज खाली आणायची, जणू तो अजून पलीकडच्या खोलीत निजला आहे.

लोखंड गंजलेलं असलं की धनुर्वात होतो असं लोक समजतात. त्याचा जंतू असतो मातीत आणि जनावरांच्या शेणात. टणक कवच धरून वर्षानुवर्षं जगतो. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तिथं तो जागा होतो आणि विष तयार करतो. म्हणजे धसकट, काटा, विळ्याचं टोक, डवऱ्याची पास, बैलाचं शिंग. आमच्या शेतातली प्रत्येक जखम त्याच्या सोयीची. आणि जखमेवर शेण बांधणं म्हणजे जंतू हातानं आत भरणं. जुन्या काळी बाळाच्या नाळेलाही शेण लावायचे. कितीतरी बाळंतघरं त्यानं रिकामी केली. गरोदर बायांना धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं, या दोन गोष्टींनी ते थांबवलं. २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

इथंच एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्या घरात आईला प्रत्येक बाळंतपणात लस मिळाली होती. मलाही मिळाली. बाबांना कधीच कुणी बोलावलं नव्हतं. देशात लहान मुलांच्या लसीकरणाची योजना १९७८ मध्ये सुरू झाली, १९८५ पासून ती सगळ्यांसाठी झाली. त्याआधी जन्मलेल्या माझ्या बाबांच्या वयाच्या माणसांना मूळचे तीन डोस मिळाल्याची शक्यता कमीच. शाळेत देवीची लस मात्र टोचली होती, तिचे दोन गोल वण त्यांच्या दंडावर आजही आहेत. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० मध्ये तर ती जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. त्यानंतर, करोनाच्या दोन सुया सोडल्या तर, त्या दंडावर जे काही टोचलं गेलं ते जखम झाल्यावर, घाईघाईत, एखादी सुई. मातीत सगळ्यात जास्त हात घालणाराच माणूस सुटून राहिला होता.

शिवाय हा रोग माणसाकडून माणसाला लागत नाही. त्यामुळं शेजारीपाजारी सगळ्यांनी लस घेतली तरी आपण वाचत नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

मी बाबांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. धनुर्वाताच्या सुईला लोक अजून टीटीच म्हणतात, पण काही वर्षांपासून त्या जागी टीडी आली आहे. धनुर्वातासोबत घटसर्पावरचंही संरक्षण त्यात असतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी हे सांगितलं आणि बाबा एकदम सावध झाले.

“घटसर्पाची? थे तं बैलाची सुई व्हय ना, साहेब.”

डॉक्टरांनी नीट समजावलं. बैलाचा घटसर्प वेगळ्या जंतूचा, माणसाचा वेगळ्या. दोन्हींत गळा सुजतो, श्वास कोंडतो, म्हणून आपल्या लोकांनी नाव एकच ठेवलं. माणसाच्या घटसर्पात घशात राखाडी पडदा धरतो आणि विष हृदयापर्यंत जातं. लहानपणीच्या लसीची ताकद वयानुसार उतरत जाते, म्हणून मोठेपणीही दर दहा वर्षांनी एक डोस हवा. आणि ज्यांचं मूळचं काही नक्की नाही त्यांनी नव्यानं तीन घ्यावेत: आज एक, महिन्यानं दुसरा, त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी तिसरा. मग दर जखमेला धावत यायची गरज नाही. मातीची, शेणाची जखम असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तरच.

बाबांनी शांतपणे ऐकलं आणि बाही वर केली.

परत येताना बसस्टॉपवर आशाताई भेटली. बाबांना ती काकाजी म्हणते. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीत करोना उसळला, टाळेबंदी लागली, आणि १ मार्चपासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा गावात काय काय उठलं होतं! सुई घेतली का दोन वर्षांत माणूस मरते म्हणे. तिनं पारावर दोन तास बसून म्हाताऱ्यांचं ऐकून घेतलं होतं आणि शेवटी एवढंच म्हणाली होती की माझ्या सासूला मी काल दिली, चला घरी, बघा कशी आहे. बाबा तिच्या शब्दावर गेले होते. तिला मी विचारलं, मोठ्यांच्या लसींची काही यादी असते का तुझ्याकडे? तिनं पिशवीतलं रजिस्टर उघडून दाखवलं. गरोदर बाया, शून्य ते एक, एक ते पाच, दहा वर्षं, सोळा वर्षं. “सोळानंतर पानच नाही, ताई,” ती म्हणाली.

ते नसलेलं पान मी त्या उन्हाळ्यात डॉक्टर मॅडमना विचारून विचारून थोडंफार भरलं. फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून त्याची लस दरवर्षी. म्हातारी माणसं, गरोदर बाया, साखर, दमा, हृदयाचे आजार असलेले यांनी आधी. न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरची, पासष्टीनंतर. बिडी ओढणाऱ्यांनी, साखर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी त्याआधीही. माझा थोरला काका जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबला, वर बिडी, आणि डिसेंबरातल्या थंडीत चार दिवसांत न्यूमोनियानं गेला. त्या वेळी ‘वय झालं होतं’ म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. त्याचं वय सदुसष्ट होतं.

कावीळ ब ची लस लहान मुलांना देशभर मिळू लागली ती अलीकडे, त्यामुळं आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांनी ती घेतलेलीच नाही. ही कावीळ रक्तातून पसरते. जत्रेत एकाच सुईनं गोंदून घेणारी पोरं, एकाच पात्यानं दाढी. तीन डोस: पहिला, महिन्यानं, सहाव्या महिन्यात.

आणि भाच्या. माझ्या मोठ्या नणंदेची मुलगी बावीसची आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागं एक विषाणू असतो आणि त्यावरची लस २०२३ पासून आपल्या पुण्यातच तयार होते, हे मी तिला समोर बसवून सांगितलं. खरं वय नऊ ते चौदा, पण सव्विसाव्या वर्षापर्यंत घेता येते. नणंद आधी म्हणाली, लग्नाच्या पोरीला असली कायची सुई. मी तिला माझ्या शाळेतल्या मदतनीस बाईंची गोष्ट सांगितली. अंगावरून जातं हे लाजेपोटी वर्षभर कुणाला न सांगता त्या खिचडी शिजवत राहिल्या, आणि नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. नणंद काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिचाच फोन आला, तारीख कोणती घ्यायची म्हणून.

कुत्रा चावल्यावरच्या सुयांची गोष्ट थोडी निराळी, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ‘पोटात चौदा’ ही भीती आमच्याकडे अजून आहे. त्या सुया केव्हाच बंद झाल्या. आता दंडात, चार-पाच, सरकारी दवाखान्यात फुकट. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही. रक्त निघालं असेल तर जखमेभोवती वेगळं इंजेक्शन लागतं, ते मागून घ्यायचं. विषाणू मज्जातंतूतून हळूहळू मेंदूकडे सरकतो, म्हणूनच चावल्यानंतर दिलेली लसही वेळेत पोचते. लक्षणं दिसू लागली की मग कुणाच्या हातात काही उरत नाही.

या सगळ्यांत प्रत्येकानं सगळं घ्यावं असं नाही. गरोदरपणात, कर्करोगाचे उपचार चालू असताना काही लसी चालत नाहीत. डॉक्टरांना विचारावं. पण विचारायचं कुणी, हा खरा प्रश्न आहे. बाबा स्वतःहून कधीच विचारणार नव्हते. मी विचारायला हवं होतं.

मागच्या मे महिन्यात त्या दिवशी आरोग्य केंद्रातून परतल्यावर बाबा थेट कोठ्यात गेले. सकाळी कालवलेला गेरू वाटीत सुकला होता, त्यात थोडं पाणी घातलं. हाच गेरू दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बरगड्यांवर ओढलेला मी पाहिला होता. बैलांच्या ओळीखाली त्यांनी आपलं नाव लिहिलं, पुढं ‘टीडी’, पुढं तारीख. दुसरी ओळ जूनच्या अखेरीस पडली. तिसरी या फेब्रुवारीत, हरभरा काढून झाल्यावर.

परवा आईचा नागिणीचा पहिला डोस झाला. दोन दिवस तिचा दंड दुखला, रात्री थोडा ताप आला, तिसऱ्या दिवशी उठून तिनं भाकरी थापल्या. बाबांनी फळीवर तिचं नाव लिहिलं. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, तिचं नाव त्यांनी असं कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तारीख घातली, आणि खाली दुसऱ्या डोससाठी तिचं नाव पुन्हा लिहून पुढची जागा मोकळी सोडली.

“इथं कवाची तारीख लिहू?” त्यांनी विचारलं.

“पोळ्यानंतर,” मी म्हटलं. “पक्का दिवस ठरला की फोन करते.”

त्यांनी वाटी झाकून खिडकीच्या देवळीत ठेवून दिली.